गाडीतला गॅस संपत नसतो

परभणीत एप्रिल लागला की एसीवाल्यांच्या दुकानांपुढं गाड्या उभ्या राहायला लागतात आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "गॅस संपलाय, भरून द्या." सलग तीन उन्हाळे मीही हेच म्हणालो. गाडी २००८ची, लहान, सेकंडहँड घेतलेली. पहिल्या वर्षी भरलेला गॅस पाऊस पडेपर्यंत पुरला. दुसऱ्या वर्षी मेच्या मध्यातच हवा कोमट यायला लागली. तिसऱ्या वर्षी पाडव्याला भरला आणि अक्षय तृतीयेच्या लग्नाला लातूरला जाताना निम्म्या वाटेवर काचा खाली कराव्या लागल्या. मागं बसलेली मावशी म्हणाली, "एसीची गाडी म्हणून आले बाबा, नाहीतर एसटी काय वाईट होती?"

पैसे तीनदा गेले, ते एका क्रियापदामुळं. पेट्रोल संपतं, घरातला सिलिंडर संपतो, कारण ते जळतात. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही. कारखान्यात भरलेला तोच गॅस बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं गरगर फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कुठून तरी बाहेर पडला. सायकलची हवा दर आठवड्याला उतरत असेल तर आपण "हवा संपली" म्हणून पंप मारत बसत नाही. ट्यूब काढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, बुडबुडे कुठून येतात ते पाहतो. गाडीच्या एसीला मात्र आपण वर्षानुवर्षं नुसता पंप मारत राहतो.

उडालेलं पाणी परत आणणारा माठ

गळती समजायला हा फेरा थोडा माहीत हवा. माठातलं पाणी गार का होतं? बाहेरून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जातं. एसीतही तेच घडतं, फक्त पाण्याऐवजी असा द्रव असतो जो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. त्याचं नाव आर-१३४ए. डॅशबोर्डमागच्या जाळीत, म्हणजे कूलिंग कॉइलमध्ये, तो उकळून वाफ होतो आणि आतल्या हवेची उष्णता शोषतो. माठातलं उडालेलं पाणी गेलं ते गेलं, म्हणून माठ रोज भरावा लागतो. इथं कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, पुढच्या जाळीपाशी म्हणजे कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते, ओल शोषणाऱ्या ड्रायरमधून गाळून एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून परत कॉइलमध्ये शिरते.

लहान गाडीत हा सगळा गॅस अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. नेमका किती ते बहुतेक गाड्यांत बोनेटच्या आतल्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. हे स्टिकर जपा, पुढं लागणार आहे.

या गॅससोबत थोडं तेलही फिरतं. कॉम्प्रेसरचं वंगण तेच. गळतीची दुखणी आणि गळतीचा शोध, दोन्ही या तेलाशी बांधलेले आहेत. गॅस जातो तिथून तेलही थोडंथोडं जातं. म्हणून नुसता गॅस भरत राहिलं तर एके दिवशी कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. पण त्याच तेलामुळं न दिसणारा, जवळजवळ बिनवासाचा गॅस आपल्या मागे डाग सोडून जातो.

जुन्या गाडीत गळती का वाढते, याला फार खोल जायला नको. सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगा बोनेटखालच्या उष्णतेनं कडक होतात, होजपाइपांना बारीक भेगा पडतात, ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि आपले रस्ते सांधे हलवत राहतात. रबरातून गॅस मुळातच किंचित झिरपतो, त्यामुळं पूर्ण धडधाकट गाडीतही तो दरवर्षी थोडा कमी होतोच. मग घाबरायचं कधी? मेस्त्रीनं विचारो न विचारो, हा हिशेब आपणच द्यावा: मागचा गॅस किती दिवस टिकला? दोन दिवसांत गेला असेल तर भोक मोठं आहे, साबणाच्या फेसानंही सापडेल. एक मोसम टिकला तर भोक बारीक आहे, त्याला रंग किंवा यंत्र लागेल. चार-पाच वर्षं टिकला असेल तर जुन्या गाडीचं वय समजून भरून टाका आणि पुढं चला.

पण गॅसच गेलाय कशावरून?

थंड हवा येत नाही म्हणजे गॅस नाही, हे समीकरण निम्म्या वेळा तरी तपासून पाहण्यासारखं असतं. गाडी पळताना गार आणि सिग्नलला थांबली की गरम, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का पाहा. हवा गार आहे पण फुंकर मारल्यासारखी येते? मग ब्लोअर किंवा चोंदलेली कॉइल. अनेक जुन्या गाड्यांत केबिन फिल्टरच नसतो, त्यामुळं आपल्याकडची काळी भुरभुरी माती, कापसाचे तंतू, पाचोळा सगळं सरळ कॉइलवर जाऊन बसतं. बोनेट उघडून कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचचा "टक्" असा आवाज येऊन पुढची चकती फिरायला लागली पाहिजे. आवाजच आला नाही तर फ्यूज, रिले, क्लचची वायर बघा. शेतातल्या शेडमध्ये गाडी लावत असाल तर उंदरांचा संशय सगळ्यात आधी घ्या.

गॅस कमी असेल तर क्लच वेगळ्या पद्धतीनं वागतो. टक् करून लागतो, काही सेकंदांत सुटतो, पुन्हा लागतो. नळ्यांमध्ये एक दाबाचं बटण बसवलेलं असतं. दाब फार खाली गेला की ते कॉम्प्रेसर बंद करतं, कारण गॅस नाही म्हणजे तेलही फिरत नाही. काही अर्धवट शहाणे हे बटण वायर जोडून बायपास करतात. तसं करू देऊ नका. कॉम्प्रेसर मारायचा तो सोपा मार्ग आहे.

हातानंही अंदाज येतो. एसी चालू असताना जाड नळी गार आणि बारीक नळी गरम लागली पाहिजे. गॅस कमी असला की दोन्हींतला फरक मावळतो. (बारीक नळी कधीकधी पोळते, हात पटकन लावून काढा, आणि पंख्याच्या पट्ट्यापासून बाही लांब ठेवा.)

इथं मराठवाड्यातल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. "गाडीखाली पाणी पडत नाही, म्हणजे गॅस गेला" असं सर्रास म्हणतात. ते पाणी म्हणजे आतल्या हवेतली ओल, गार कॉइलवर जमलेली. पावसाळ्यात ते धो धो पडतं. पण मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की एसी उत्तम चालत असूनही दुपारी चार थेंब पडले तर पडले. जाड नळीला घाम न फुटणं हेही तसंच. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत नळीवरून पाणी ओघळताना दाखवतात, ते पाहून इथं मे महिन्यात निदान करू नये.

गेज काय सांगतं आणि काय सांगत नाही

एसीवाला दोन घड्याळांचं गेज लावतो. निळं कमी दाबाच्या बाजूचं, लाल जास्त दाबाच्या. इथं सगळ्यात मोठा गैरसमज होतो, म्हणून जरा थांबू.

बंद गाडीला गेज लावलं, दोन्ही घड्याळांनी ८० पीएसआय (हे दाबाचं माप) दाखवलं आणि मेस्त्री म्हणाला, "दाब आहे, गॅस आहे." बरोबर आहे का? अर्धंच. घरचा सिलिंडर आठवा. त्यात दोन दिवसांचा गॅस उरला असला तरी शेगडीची ज्योत पहिल्या दिवसासारखीच असते. किती उरला ते आपण ज्योतीवरून नाही, सिलिंडर हलवून, उचलून बघतो. कारण बंद भांड्यात द्रवाचा एक थेंब जरी शिल्लक असला तरी वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो, द्रव किती आहे यावर नाही. आर-१३४एचं तसंच. सकाळी २५ अंशांना बंद गाडीत सुमारे ८० पीएसआय, दुपारी ४० अंशांना सुमारे १३०. यात गॅस पूर्ण भरलेला असो की निम्मा गेलेला असो, आकडा तोच.

मग बंद गाडीचा दाब निरुपयोगी का? नाही. ४० अंशांच्या दुपारी तो ५०-६०च दाखवत असेल तर द्रवाचा थेंबही उरलेला नाही, गळती मोठी आहे. उलट १३०च्या बराच वर असेल तर आत हवा शिरली आहे किंवा भलताच गॅस मिसळला आहे. तेवढं कळतं. गॅस नेमका किती आहे, हे मात्र फक्त वजनकाटा सांगतो. म्हणजे आहे तो गॅस यंत्रानं बाहेर काढून मोजायचा.

चालू गाडीचं गेज जास्त बोलतं. आपल्या उन्हाळ्यात, बाहेर ४० अंश असताना, निळ्यावर ३५ ते ५० आणि लालवर सव्वादोनशे ते तीनशे पीएसआय हे तब्येत बरी असल्याचं लक्षण. दोन्ही आकडे खाली असतील तर गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली म्हणजे कॉम्प्रेसर थकलाय, गॅस भरून काही होणार नाही. दोन्ही वर म्हणजे गॅस जास्त झाला, हवा शिरली किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. या शेवटच्या प्रकारात आपल्याकडं गाडी गॅरेजपेक्षा आधी पाण्याच्या नळीखाली न्यावी. कंडेन्सरच्या पापुद्र्यांमध्ये चिखल आणि किडे भरलेले असतात. हळू धारेनं धुवा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरनं पापुद्रे आडवे होतात.

थंड हवामानाच्या देशांतले आकडे बघून इथला मेस्त्री "दाब फार आहे" म्हणून गॅस सोडून देतो, किंवा उलट संध्याकाळी गार वाऱ्यात भरून दुसऱ्या दिवशीच्या उन्हात दाब चढतो. दोन्ही पाहिलंय मी. स्टिकरवरच्या ग्रॅमांना ऊन-सावली नसते.

पुरावा धुऊ नका

लातूरच्या लग्नानंतर एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडं गेलो. त्यांनी गेजला हात लावला नाही. बोनेट उघडलं, बॅटरी घेऊन पाच मिनिटं नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, "गाडी धुऊन आणलाव व्हय?"

"हो, इंजिनसुद्धा. घाण गाडी तुमच्यापुढं कशी आणू?"

"मग पुरावाच धुतलाव की. जावा आता. पंधरा दिवस चालवा, पाणी लावू नका, मग या."

माझ्या लक्षात आलं की तिन्ही वर्षं मी गाडी चकाचक करूनच नेली होती. जिथून गॅस निसटतो तिथं तेलाचा ओलावा येतो, आणि त्या ओलाव्यावर धूळ बसून काळा, चिकट डाग तयार होतो. आपल्याकडं धुळीला तोटा नाही. म्हणजे मराठवाड्यात गळती शोधायचं सगळ्यात स्वस्त साधन रस्त्यावर फुकट उडत असतं आणि आपण ते धुऊन टाकतो.

डाग कुठं शोधायचे? आधी सगळ्यात स्वस्त जागा. गॅस भरायच्या दोन तोंडांत ट्यूबसारखी पिन असते, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण. ही पिन थोडी गळतेच. खरी अडवणूक झाकणाच्या आतली रबरी चकती करते. घाईत गॅस भरणारे झाकण हरवतात. पिन आणि झाकण बदलायला वेल्डिंग लागत नाही, म्हणून आधी तिथं फेस लावून बघा. मग जिथं दोन नळ्या जुळतात ते सांधे. मग रबरी होज जिथं ॲल्युमिनियमच्या नळीत दाबून बसवलेली असते ती कड. मग कंडेन्सर, विशेषतः खालचे कोपरे, जिथं चिखल साचून राहतो, आणि पुढचा भाग, जिथं ट्रकच्या चाकाखालची खडी येऊन लागते. धुळे-सोलापूर रस्त्यावर ज्यांनी कामं चालू असताना गाडी चालवलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या तांब्याच्या कंडेन्सरला डाग मारून भागत असे. आताच्या चपट्या ॲल्युमिनियम नळ्यांचा डाग सहसा टिकत नाही, बदललेला बरा.

आणि कॉम्प्रेसर. त्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथं एक सील असतं. दांडा फिरतो तेव्हा तिथून निसटलेलं तेल क्लचच्या चकतीवर येतं आणि ती ते गोल भिरकावते. त्यामुळं समोरच्या पत्र्यावर किंवा बोनेटच्या आत तेलाची एक कमानदार रेघ उमटते. ही रेघ दिसली की बाकी शोध थांबवला तरी चालतो.

डाग दिसला नाही तर

साबणाचा फेस सगळ्यांना माहीत आहे. भांड्याचा साबण थोड्या पाण्यात दाट कालवून ब्रशनं सांध्यावर लावायचा आणि घाई न करता बघायचं. मोठी गळती फुगा करते. बारीक गळती मिनिटभरानं मोहरीएवढे बुडबुडे जमवते. उन्हात तापलेल्या इंजिनवर फेस बुडबुडा यायच्या आत वाळतो, म्हणून सकाळी करा. वर्षभरात हळूहळू जाणारा गॅस फेसानं सापडत नाही, आणि फेस आला नाही म्हणून गळती नाही असंही ठरत नाही.

हुंगणारं यंत्र, ज्याला स्निफर म्हणतात, ते फेसापेक्षा कितीतरी बारीक गळती पकडतं. पण चालवणाऱ्याला धीर हवा. आर-१३४ए हवेपेक्षा साडेतीन पट जड, निसटला की खाली वाहतो. म्हणून यंत्राची नळी सांध्याच्या खालून, सेकंदाला इंचभर इतक्या सावकाश फिरवायची. इंजिन बंद, पंखा बंद, दार लावून. उघड्यावर झाडाखाली उन्हाळी वाऱ्यात स्निफर फिरवणं म्हणजे निव्वळ नाटक. पेट्रोलच्या वाफेला, ब्रेक साफ करायच्या स्प्रेलासुद्धा काही यंत्रं ओरडतात. एकाच जागी तीनदा ओरडलं तरच खरं माना.

माझा विश्वास सर्वांत जास्त आहे तो रंगावर. तेलात थोडा चमकणारा रंग मिसळून गॅसबरोबर सोडतात. आठ-पंधरा दिवस एसी चालवायचा, मग अंधार पडल्यावर जांभळ्या टॉर्चनं आणि पिवळ्या चष्म्यानं बघायचं. गळतीची जागा पोपटी उजळते. दिवसा हे दिसत नाही, त्यामुळं दुकान बंद व्हायच्या वेळी जा. मेस्त्री कुरकुर करेल, चहा पाजा. रंग एकदाच आणि मापात टाकायचा, दर वर्षी ओतत राहिल्यास वंगण पातळ होतं.

गॅस पूर्ण गेलेला असेल तर नव्या गॅसचं नुकसान करून शोधण्यात अर्थ नाही, तिथं नायट्रोजन. कोरडा नायट्रोजन दीडशे पीएसआयपर्यंत भरून ठेवायचा आणि रात्रभर सोडायचं. इथं एक साधं गणित माहीत असावं, नाहीतर विनाकारण भीती बसते. दुपारी ४० अंशांना १५० वर लावलेला काटा पहाटे २५ अंशांना सुमारे १४२ वर येतो. गळती नसतानाही! वायू थंड झाला की आकसतो, बस. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तापमानाला पुन्हा बघायचं. काटा १५० वर परत आला तर नळ्या घट्ट आहेत. नायट्रोजनच्या बाटलीत दाब प्रचंड असतो, रेग्युलेटर नसेल तर जवळ उभंही राहू नका. आणि वेल्डिंगचा ऑक्सिजन हाताशी आहे म्हणून तो कुणी नळीत सोडू पाहत असेल तर गाडी तिथून काढून आणा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

व्हॅक्यूमला, म्हणजे पंपानं नळ्यांतली हवा ओढून काढण्याला, मात्र लोक उगाच गळतीची परीक्षा समजतात. "अर्धा तास व्हॅक्यूम धरला, लिक नाही." आता विचार करा, एसी चालताना आतून बाहेर अडीचशे पीएसआयचा रेटा असतो, आणि व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फार तर चौदा पीएसआयचा, तोही उलट दिशेनं. फाटकी ओ-रिंग आत ओढली जाऊन घट्टही बसू शकते. व्हॅक्यूम उतरला तर गळती नक्की. टिकला तर मोठी नाही, एवढंच. त्याचं खरं काम आतली ओल उकळून काढणं. आणि एक गंमत: समुद्रसपाटीला पूर्ण व्हॅक्यूम गेजवर पाऱ्याचे २९.९ इंच दाखवतो. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरहून उंच असल्यानं तिथं हवेचाच दाब कमी, काटा २८च्या आसपास थांबतो. पंप चांगला असतो, दोष उंचीचा.

डॅशबोर्ड उतरवायच्या आधी

बाहेर कुठं काही सापडलं नाही की मेस्त्री म्हणतो, "कॉइल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल." हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण जुन्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा उतरला की पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही, खडखड आयुष्यभराची. कॉइल खरोखर जाते. धूळ आणि ओल एकत्र बसून ॲल्युमिनियम खात राहते. पण आधी पुरावा मागा. इंजिन बंद करून ब्लोअर थोडा वेळ चालवा, मग तोही बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. जड गॅस कॉइलच्या डब्यात तळाशी साचेल. मग गाडीखालच्या पाण्याच्या नळीपाशी स्निफर धरा, पाणी न ओढता. रंग टाकलेला असेल तर त्या नळीच्या तोंडावर टॉर्च मारा. आणि इंजिनच्या बाजूला जिथं नळ्या पत्र्यातून आत जातात तिथल्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या ओ-रिंगा बघितल्या का, हे विचारा. दोन रबरी कड्यांसाठी डॅशबोर्ड उतरवलेली माणसं मला माहीत आहेत.

गळती सापडून दुरुस्त झाली की ड्रायर बदला. त्यातले ओल शोषणारे दाणे उघड्या हवेत लवकर निकामी होतात, मग ओल गॅसमध्ये मिसळून आम्ल तयार करते किंवा व्हॉल्व्हच्या भोकात बर्फ होऊन अडकते. एसी चालू केल्यावर अर्धा तास गार आणि मग अचानक गरम, थोडं थांबलं की पुन्हा गार, असं होतं ते यामुळं. नव्या ओ-रिंगा हिरव्या किंवा काळ्या कोणत्याही असोत, आर-१३४एला चालणाऱ्या असाव्यात आणि तेल लावून बसवाव्यात. गळालेल्या तेलाचा अंदाज घेऊन तेवढं पुन्हा घालावं. बाटलीतून ओतायचं "लिक बंद करणारं औषध" मिळतं. ते कधी भोकात बसतं आणि कधी व्हॉल्व्हमध्ये, निवड त्याची. मी घालणार नाही.

गॅस कोणता, हेही बघा. २००० सालाच्या आधीच्या काही गाड्यांत आर-१२ असायचा. ओझोनला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानं त्याला घालवलं, भारतातही तो २०१०पर्यंत बंद झाला. अशी गाडी असेल तर तिचं तेल, ओ-रिंगा, भरायची तोंडं वेगळी. नुसता नवा गॅस कोंबून चालत नाही. दुसरीकडं स्वस्तात मिळणाऱ्या डब्यांत काय असेल सांगता येत नाही. पेट घेणारं मिश्रण गाडीत भरून त्याची नळी आपल्या पायांच्या वर, डॅशबोर्डमागं ठेवायची हिंमत असेल तर वेगळं. बंद डबा, त्यावरचं नाव आणि वजनकाटा, तिन्ही डोळ्यांसमोर हवेत.

आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट जोरकस आहे. माझ्या गाडीत ४५० ग्रॅम मावतो. म्हणजे एकदा भरलेला गॅस पूर्ण गळाला की जवळपास पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याचा हिशेब. ज्या उन्हाला कंटाळून आपण एसी लावतो त्यालाच हा गॅस मदत करतो, हे मला तिसरं बिल भरल्यावर कळलं.

पंधरा दिवसांनी गाडी न धुता, लाज वाटत, मेस्त्रींकडं नेली. त्यांनी बोनेट वर केलं आणि बॅटरीचा झोत आतल्या पत्र्यावर टाकला. तिथं धुळीत काळपट, बोटभर रुंद, चंद्रकोरीसारखी रेघ होती, बरोबर क्लचच्या समोर. कॉम्प्रेसरचं सील. त्यांनी विचारलं, हिवाळ्यात एसी लावता का? मी म्हणालो, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत हातही लावत नाही, कशाला वाया घालवा? ते हसले. सीलला तेल मिळतं ते एसी फिरतो तेव्हाच. चार-पाच महिने दांडा एका जागी थांबला की सील कोरडं पडतं, आणि एप्रिलमध्ये एकदम रगडलं की त्याचा ओठ फाटतो. जपून वापरत होतो म्हणून गळत होता.

सील बदललं, ड्रायर बदलला, तेल घातलं, रात्रभर नायट्रोजन धरला आणि काट्यावर ४५० ग्रॅम भरला. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, गेज लावायची वेळ आलेली नाही. आता दर रविवारी, थंडीतसुद्धा, ऊन थोडं वर आलं की दहा मिनिटं एसी चालवतो. मागच्या पौषात स्वेटर आणि कानटोपी घालून, काचा खाली करून तसाच बसलो होतो. शेजारचे काका दूध घेऊन येताना थांबले, नाकासमोर हात धरून गार हवा पाहिली आणि काळजीनं म्हणाले, "एवढ्या थंडीत एसी लावलाव? गॅस संपंल की बाबा!"